पोस्ताचा पेला : ग्वाल्हेरच्या किल्ल्यातील एका शिक्षेचा वैद्यकीय इतिहास

ग्वाल्हेरच्या किल्ल्याचा इतिहास मराठी ग्रंथांतून बहुधा लढायांच्या आणि हस्तांतरांच्या क्रमाने सांगितला जातो : मानसिंह तोमराने उभारलेले मानमंदिर, १७८० च्या ऑगस्टमध्ये पॉपहॅमने रात्री शिड्या लावून घेतलेला किल्ला, महादजी शिंद्यांनी १७८३ साली तो परत मिळवणे, १८५८ च्या जूनमधील रणधुमाळी, आणि १८८६ साली झाशीच्या मोबदल्यात इंग्रजांनी तो पुन्हा शिंद्यांच्या हवाली करणे. या क्रमात अकबरापासून औरंगजेबापर्यंतचा मोठा कालखंड दोन-चार ओळींत उरकला जातो, कारण त्या काळात किल्ल्यावर गाजण्याजोगी लढाई झाली नाही. तो तेव्हा मोगल पातशाहीचा राजकीय तुरुंग होता. त्या तुरुंगात पातशाही रक्ताच्या कैद्यांसाठी एक शिक्षा ठरून गेली होती, जिला ना तलवार लागे ना फास. खसखशीच्या बोंडांचे पाणी, म्हणजे पोस्त, रोज सकाळी पाजून माणसाची बुद्धी, मग ताकद आणि शेवटी श्वास संपवण्याची ती रीत होती. इतिहासकारांनी तिची नोंद विषप्रयोगाच्या सदरात केली आहे. आजच्या वैद्यकाच्या प्रकाशात मात्र ती निराळी दिसते : मेंदूला मिळणारा प्राणवायू दिवसामागून दिवस तोडत नेऊन तो जिवंतपणीच झिजवण्याचा हा प्रकार होता, आणि त्याकडे तसे पाहिल्याखेरीज ग्वाल्हेरच्या कैद्यांनी नेमके काय सोसले ते उमगत नाही.

तुरुंग म्हणून हा किल्ला निवडला जाण्याची कारणे त्याच्या रचनेतच होती. सपाट मैदानातून एकाएकी उठलेल्या, सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या वालुकाश्माच्या डोंगरावर तो उभा आहे. कडे तुटलेले आहेत, वर पाण्याची तळी आहेत, आणि आग्र्याचे तख्त अवघ्या सव्वाशे किलोमीटरांवर असल्याने कैदी दूरही ठेवता येई आणि नजरेतही. हुमायूनचा भाऊ कामरान याच्या मुलाला अकबराच्या कारकिर्दीत येथेच ठेवून पुढे मारण्यात आले. जहांगीराने शिखांचे सहावे गुरू हरगोबिंद यांना याच किल्ल्यात कोंडले होते. त्यांनी स्वतःबरोबर बावन्न राजांची सुटका करून घेतल्याची शीख परंपरा आहे आणि तिचे स्मारक म्हणून दाता बंदी छोड गुरुद्वारा आजही किल्ल्यावर उभा आहे. मानमंदिराच्या खाली असलेली दुमजली तळघरे, जी मुळात उन्हाळ्यात गारवा मिळावा म्हणून बांधली गेली होती, ती पुढे कोठड्या म्हणून वापरली गेल्याचे सांगितले जाते.

१६५८ साली शाहजहानच्या मुलांत तख्तासाठी युद्ध पेटले आणि ग्वाल्हेरच्या तुरुंगाला त्याचे सर्वांत अभागी रहिवासी मिळाले. औरंगजेबाने जिंकल्यावर त्याच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला तो कायद्याचा आणि लोकमताचा होता. थोरला भाऊ दारा शुकोह याला १६५९ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या रस्त्यांतून हत्तीवरून फिरवले तेव्हा लोक उघडपणे रडले, आणि त्याला पकडून देणाऱ्या मलिक जीवनवर जमावाने दगडमाती फेकली. पातशाही घराण्यातील माणसाचे रक्त सर्वांदेखत सांडणे किती महागात पडू शकते याचा तो धडा होता. धाकटा भाऊ मुरादबक्ष १६५९ च्या आरंभी ग्वाल्हेरला आणला गेला होता. त्याच्या बाबतीत कायद्याची वाट सापडली, कारण त्याने गुजरातेत असताना आपला दिवाण अली नकी याला ठार केले होते. दिवाणाच्या मुलाने खुनाबद्दल खुनाची मागणी केली, काझीने ती मान्य केली आणि १६६१ च्या डिसेंबरात किल्ल्यातच मुरादचा शिरच्छेद झाला. ज्याच्यावर असा कोणताही आरोप लावता येत नव्हता, जो देखणा होता, तरुण होता आणि सरदारांच्या मनात घर करून होता, त्याचे काय करायचे हा प्रश्न दाराचा थोरला मुलगा सुलेमान शुकोह याच्या रूपाने उरला.

सुलेमानने गढवालच्या श्रीनगरात राजा पृथ्वीपत शाहाकडे आश्रय घेतला होता. राजाने त्याला द्यायचे नाकारले, पण त्याचा मुलगा मेदिनी सिंह मोगलांना वश झाला आणि १६६१ च्या जानेवारीत सुलेमान दिल्लीच्या दरबारात बेड्यांसह उभा राहिला. त्या दरबारात फ्रांस्वा बर्निए हा फ्रेंच वैद्य हजर होता व त्याने पाहिलेले लिहून ठेवले आहे. त्याच्या वृत्तांतानुसार, आपल्याला पोस्त पाजायचे ठरले असेल तर त्यापेक्षा आताच मारून टाकावे, अशी विनवणी सुलेमानने चुलत्याला केली. औरंगजेबाने भर दरबारात, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात, ते पेय तुला दिले जाणार नाही असे वचन दिले. त्यानंतर सुलेमानला ग्वाल्हेरला पाठवण्यात आले, वचन पाळले गेले नाही, आणि १६६२ च्या मे महिन्यात त्याचा किल्ल्यात अंत झाला.

या विनवणीत इतिहासाच्या अभ्यासकाला फार महत्त्वाची गोष्ट हाती लागते. पोस्त म्हणजे काय आणि ते काय करते हे राजघराण्यातल्या मुलाला आधीच ठाऊक होते. तो मरणाला भीत नव्हता, मरणापूर्वीच्या महिन्यांना भीत होता. ज्या अवस्थेत माणूस स्वतःला ओळखेनासा होतो, आपल्या बापाचे नाव, आपला दावा, आपला अपमान यांपैकी काहीच त्याच्या मनात टिकत नाही, ती अवस्था त्याला शिरच्छेदाहून भयंकर वाटली, आणि तसे वाटण्यास पुरेसे कारण होते.

पोस्त तयार करण्याची रीत साधी होती. खसखशीच्या झाडाचे सुकलेले बोंड, ज्याला माळव्यात डोडा म्हणतात, ठेचून रात्रभर पाण्यात भिजत घालायचे, सकाळी ते कुस्करून गाळायचे आणि मोठा पेला भरून कैद्यापुढे ठेवायचा. बर्निए सांगतो की तो संपवल्याशिवाय कैद्याला अन्न दिले जात नसे. रोज पिऊन पिऊन माणूस वाळत जाई, त्याची ताकद आणि समज हळूहळू जाई, तो सुस्त आणि बधिर होई आणि अखेरीस मरे. हिरव्या बोंडाला चिरा दिल्यावर जो चीक गळून घट्ट होतो ती अफू. तिच्यात मॉर्फीन हे मुख्य द्रव्य असते, व चीक काढून घेतलेल्या बोंडातही त्याचा काही अंश उरतोच. तो जमीन, हंगाम, बोंडाची जात आणि भिजवण्याचा काळ यांप्रमाणे कमीजास्त होतो, त्यामुळे एका पेल्यातले पाणी दुसऱ्या पेल्याइतकेच जोरकस असेल याची खात्री पाजणाऱ्यालाही नसे. याच बोंडांचे कोकनार नावाचे पेय मोगल दरबारात नशेसाठी आवडीने घेतले जाई. म्हणजे वस्तू अनोळखी नव्हती. मेजवानीतली ओळखीची वस्तू तुरुंगात शस्त्र झाली होती.

बर्निएचा वृत्तांत इतका नेमका उतरला याला कारण आहे. तो माँपेलिए येथे वैद्यकाची पदवी घेतलेला होता, गासांदी या तत्त्वज्ञाचा शिष्य होता आणि दिल्लीत दानिशमंद खान या विद्याव्यासंगी उमरावाच्या पदरी त्याला आश्रय मिळाला होता. विल्यम हार्वे याने १६२८ साली मांडलेले रक्ताभिसरण, म्हणजे हृदयातून निघालेले रक्त शरीरभर फिरून पुन्हा हृदयाकडे येते हा सिद्धांत, त्याने आपल्या धन्याला समजावून सांगितला. त्यासाठी जिवंत बकऱ्या-मेंढ्यांची शरीरे उघडून रक्ताचा प्रवाह दाखवला आणि ते पाहून घरातले हिंदू पंडित घाबरून पळून जात, असेही त्याने नोंदवले आहे. मेंदूच्या आजारांच्या इतिहासात हीच वर्षे निर्णायक ठरली. स्वित्झर्लंडमधील शाफहाउझन गावचा योहान याकोब वेप्फर याने १६५८ साली, म्हणजे शाहजहानच्या मुलांचे युद्ध पेटले त्याच वर्षी, पक्षाघाताने मेलेल्यांच्या शवविच्छेदनावर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध करून मेंदूतील रक्तस्राव हे त्या आजाराचे एक कारण असल्याचे दाखवले. १६६४ साली इंग्लंडात टॉमस विलिसने मेंदूच्या तळाशी असलेले धमन्यांचे कडे वर्णिले, ज्याला आजही त्याचेच नाव आहे. १६६९ साली रिचर्ड लोअरने, काळपट रक्त फुप्फुसांत हवेशी भेट झाल्यावर लाल होते, हे सिद्ध केले. हवेतला जो अंश रक्ताला लाल करतो तो प्राणवायू, हे कळायला मात्र पुढे शंभर वर्षे, प्रीस्टली आणि लाव्वाझिए यांच्या प्रयोगांपर्यंत, थांबावे लागले.

तेव्हा रक्त फिरते हे दिल्लीत सांगणारा माणूस आणि ग्वाल्हेरच्या पेल्याची नोंद करणारा माणूस एकच होता. पण पेल्यापासून मेंदूपर्यंतची वाट त्याला दिसणे शक्य नव्हते, कारण मधला दुवा असलेला श्वास त्याच्या काळात अजून समजलेला नव्हता. तो दुवा आज स्पष्टपणे मांडता येतो. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण विसाव्याच्या वेळी शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी साधारण पाचवा हिस्सा एकटा मेंदू वापरतो, आणि त्याच्यापाशी साठा जवळजवळ नसतो. स्नायू काही काळ प्राणवायूशिवाय काम रेटू शकतात. चेतापेशी, म्हणजे मेंदूत संदेश वाहणाऱ्या पेशी, तसे करू शकत नाहीत. प्राणवायू पूर्ण थांबला तर काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांत कायमची इजा सुरू होते. श्वासाची लय मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभात ठरते. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की तेथील पेशी श्वास वाढवण्याची आज्ञा देतात. मॉर्फीन नेमके याच पेशींना बधिर करते. श्वास मंद व उथळ होतो, दोन श्वासांमधले अंतर वाढते, झोपेत जीभ मागे पडून घसा बंद होतो, आणि शरीराला धाप लागण्याचीही जाणीव राहत नाही. बुडणारा माणूस धडपडतो. अफूच्या गुंगीत गुदमरणारा धडपडत नाही, म्हणून जवळ बसलेल्यालाही तो शांत झोपला आहे असेच वाटते.

अशा अवस्थेला वैद्यकात प्राणवायुन्यूनता म्हणतात, आणि तिचा घाव सगळ्या मेंदूवर सारखा बसत नाही. नवी आठवण पक्की करणारा हिप्पोकॅम्पस हा भाग सर्वांत आधी खचतो. हालचालीचा ताल सांभाळणाऱ्या लघुमेंदूतील मोठ्या पेशी आणि मेंदूच्या गाभ्यातील काही गाठी त्याच्या पाठोपाठ जातात. याहून क्रूर प्रकार असा की काही रुग्ण गुंगीतून बाहेर येतात, दोन-तीन आठवडे बरे दिसतात, आणि मग मेंदूतील श्वेतद्रव्य, म्हणजे पेशींना जोडणाऱ्या तंतूंचा भाग, झडू लागल्याने पुन्हा ढासळतात : ते अबोल होतात, त्यांना कशातच रस उरत नाही, चाल बिघडते, लघवीवरचा ताबा जातो. अफूवर्गातील द्रव्यांचा अतिरेक झाल्यानंतर, तसेच कोळशाच्या धुराने गुदमरल्यानंतर, हा उशिरा उमटणारा घाव आजच्या रुग्णालयांत नोंदला गेला आहे. बर्निएने वर्णिलेली सुस्ती आणि बधिरता यांच्याशी तो इतका जुळतो की ग्वाल्हेरच्या कैद्यांचे मेंदू श्वासाच्या वाटेनेच गेले असावेत, हा निष्कर्ष काढणे वावगे ठरू नये.

तरीही सगळा दोष बोंडावर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. अफूची सवय लागलेल्या शरीराला तीच मात्रा पुढे तितकी जाणवत नाही. माळव्यात आणि राजपुतान्यात आयुष्यभर ठरावीक गोळी घेऊन शेती करणारे, उंट हाकणारे, लढाईला जाणारे लोक पिढ्यान्पिढ्या होते. ब्रिटिश सरकारने १८९३ साली नेमलेल्या अफू आयोगापुढे अशा लोकांविषयी विपुल साक्षी झाल्या, आणि त्या साऱ्याच अफूच्या व्यापाराच्या भल्यासाठी रचलेल्या होत्या असे म्हणता येत नाही. किल्ल्यातला कैदी आणि माळव्यातला कास्तकार यांच्यात फरक होता तो मात्रेवर हुकमत कोणाची, याचा. कास्तकार आपली गोळी स्वतः मोजे, पोटभर जेवे, उन्हात राबे. कैद्याची मात्रा दुसरा ठरवी आणि वाढवी. उपाशीपोटी ती घ्यावी लागे. अन्न पेल्यावर अवलंबून असल्याने उपासमार जोडीला येई, आणि उपासमारीत ब-१ जीवनसत्त्व संपले की स्मृती आणि तोल पुन्हा वेगळ्या वाटेने जातात. अंधाऱ्या कोठडीत बोलायला माणूस नसे. गुंगीत घशात उतरलेले अन्न-पाणी फुप्फुसांत जाऊन न्यूमोनिया झाला तर श्वास आणखी तोकडा होई. इतक्या गोष्टी एकत्र जुळवून आणणे हे योगायोगाचे काम नव्हे. त्यात हेतू होता, आणि तो हेतू कैद्याला मारण्याइतकाच त्याला वारस म्हणून निकामी करण्याचाही होता. बुद्धी गेलेल्या शहजाद्याभोवती कोणतेही बंड जमत नाही.

बर्निएच्या मजकुराची एक मर्यादा येथे सांगणे आवश्यक आहे. सुलेमानप्रमाणेच त्याचा धाकटा भाऊ सिपिहर शुकोह हाही पोस्तानेच संपल्याची बोलवा त्याने नोंदवली. पण सिपिहर जिवंत होता. १६७३ च्या सुमारास त्याची ग्वाल्हेरहून सुटका झाली आणि औरंगजेबाने आपली मुलगी जुब्दतुन्निसा त्याला दिली. मुरादचा मुलगा इज्जदबक्ष यालाही असेच सोडून जावई करून घेण्यात आले. म्हणजे किल्ल्यावर गेलेला प्रत्येक शहजादा पोस्ताने मेला नाही, आणि तरी दिल्लीच्या बाजारात प्रत्येकाच्या नावापुढे लोक पोस्तच जोडत होते. १६६६ च्या उन्हाळ्यात शिवाजी महाराज आग्र्यात पहाऱ्यात असताना ग्वाल्हेरचे हे नाव त्या सगळ्या मुलुखात लोकांच्या जिभेवर होते, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

किल्ला पुढे मराठ्यांकडे आला, आणि खसखशीचे झाड ग्वाल्हेर संस्थानच्या इतिहासात निराळ्या दाराने शिरले. उज्जैन, शाजापूर आणि मंदसोर हे माळव्यातले जिल्हे शिंद्यांच्या राज्यात होते, नीमच त्यांच्याच हद्दीत होते, आणि एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाणाऱ्या मालातील अत्यंत किफायतीचा जिन्नस होती. मुंबईतील अनेक पेढ्यांची संपत्ती आणि माळव्यातील अनेक सावकारांचे वाडे या व्यापारावर उभे राहिले. पण ज्या नुकसानीची मोजदाद वखारीच्या वह्यांत झाली नाही ती अगदी लहान मुलांची होती. माळवा सुभ्याचे वर्णन करताना अबुल फज्लने आईन-इ-अकबरीत नोंदले आहे की तेथे उच्च-नीच सारेच आपल्या मुलांना तीन वर्षांची होईपर्यंत अफू देतात. ही चाल माळव्यापुरती राहिली नाही. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन कामावर जात, आणि १९२० च्या दशकात गिरणीकामगार बायांच्या आरोग्याची पाहणी झाली तेव्हा हा प्रकार किती सार्वत्रिक होता ते उघडकीस आले.

त्या आयांना दोष देणे अन्यायाचे होईल. सकाळी भोंगा झाला की साच्यावर उभे राहायचे, मूल सांभाळायला माणूस नाही, आणि रडणाऱ्या मुलाला घेऊन खात्यात जाता येत नाही, अशा पेचात ती गोळी हाच एक उपाय त्यांना ठाऊक होता. परंतु तान्ह्या मुलाचे श्वासाचे केंद्र अपक्व असते, मॉर्फीन त्याच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, आणि रोज थोडा थोडा कमी पडणारा प्राणवायू वाढत्या मेंदूला फार महाग पडतो. मोठ्या शहजाद्यावर हेतूने केला गेलेला प्रयोग गरिबांच्या पाळण्यात नाइलाजाने रोज होत होता, आणि इतिहासात पहिल्याची नोंद झाली, दुसऱ्याची क्वचितच. बाळ मेले तर कारण दात, जुलाब किंवा दृष्ट. जगले आणि मंद झाले तर नशीब.

मेंदूच्या उपासमारीचा दुसरा मार्ग म्हणजे पक्षाघात, ज्याला मराठीत अर्धांगवायू किंवा लकवा म्हणतात. चरकाने चिकित्सास्थानात वातव्याधींच्या प्रकरणात त्याचे वर्णन केले आहे व एका बाजूचे अंग लुळे पडणे आणि वाणी जाणे ही लक्षणे तेथे स्पष्ट आहेत. प्राणवायुन्यूनतेत रक्त मेंदूपर्यंत पोहोचते, पण त्यात प्राणवायू पुरेसा नसतो, म्हणून सगळा मेंदू थोडाथोडा भुकेजतो. पक्षाघातात रक्त चांगले असते, पण एखादी धमनी गुठळीने तुंबते किंवा फुटते, म्हणून एकच प्रांत पूर्ण उपाशी राहतो. शंभर ग्रॅम मेंदूला मिनिटाला सुमारे पन्नास मिलिलिटर रक्त लागते. ते वीसच्या आसपास उतरले की पेशी काम थांबवतात, पण जिवंत राहतात, आणि दहाच्या खाली गेले की मरतात. या दोन आकड्यांमधल्या पट्ट्यातील पेशी वाचवणे हे आजच्या उपचाराचे सारे ध्येय आहे, कारण मोठी धमनी तुंबलेली असताना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात असा अंदाज आहे.

ग्वाल्हेरच्या आधुनिक इतिहासात या आजाराची दोन ठळक उदाहरणे आहेत, आणि दोन्ही आवाजाशी जोडलेल्या माणसांची आहेत. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी माधवराव शिंदे यांच्या पाठिंब्याने १९१८ साली ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय उभे केले. घराण्याच्या बंद दारांआड राहिलेली चीज वर्गात, पुस्तकातून, स्वरलिपीत शिकवता येते हे त्यांनी त्या शहरात दाखवून दिले. १९३३ साली त्यांना पक्षाघाताने गाठले, व १९३६ च्या सप्टेंबरात मुंबईत निधन होईपर्यंतची वर्षे त्यांनी अंथरुणावर काढली. त्या काळात मेंदूतली धमनी तुंबली की फुटली हे जिवंतपणी पाहण्याचे साधन नव्हते. सीटी स्कॅन १९७० च्या दशकात आला. दुसरे उदाहरण अटल बिहारी वाजपेयी यांचे. ते १९२४ साली ग्वाल्हेरला जन्मले, तेथल्याच व्हिक्टोरिया कॉलेजात शिकले आणि ज्यांच्या भाषणासाठी विरोधकही सभेला थांबत असे वक्ते झाले. २००९ साली आलेल्या पक्षाघाताने त्यांचे बोलणे हिरावले, आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये मृत्यू येईपर्यंत ते सार्वजनिक जीवनात परतले नाहीत. मेंदूच्या पुढच्या डाव्या भागाला इजा झाली की माणसाला शब्द ठाऊक असूनही उच्चारता येत नाहीत, हे पॅरिसमध्ये पॉल ब्रोकाने १८६१ साली दाखवले. वाचा गेलेल्या माणसाच्या मनात विचार चालूच असतो ही गोष्ट कुटुंबीयांना आणि समाजाला पटायला मात्र आजही वेळ लागतो.

ज्या शहरात मेंदू विझवण्याची रीत शिक्षा म्हणून चालली, तेथेच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जयाजीराव शिंद्यांच्या नावाने जयारोग्य रुग्णालय उभे राहिले आणि १९४६ साली गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जयारोग्य किल्ल्याच्या पायथ्याशी पसरलेल्या लष्कर भागातील माणसांचेच नव्हे, तर भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरी अशा दूरच्या गावांचेही शेवटचे आशास्थान ठरले. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि मोठ्या धमनीतली गुठळी नळीने ओढून काढायची तर पहिले सहा तास महत्त्वाचे. काही निवडक रुग्णांत ही मुदत चोवीस तासांपर्यंत ताणता येते. चंबळच्या बेहडांतल्या गावाहून निघालेल्या रुग्णाचे त्यातले किती तास बैलगाडीत, जीपमध्ये आणि आधी लकव्याच्या मंत्राला जाण्यात खर्ची पडतात, यावर त्याचा हात पुन्हा चालणार की नाही हे ठरते. या बाबतीत औषधाच्या शोधापेक्षा रस्त्याचा आणि समजुतीचा इतिहास अधिक निर्णायक आहे.

अफूने बसणाऱ्या घावाचे गूढही विसाव्या शतकातच उलगडले. १९७३ साली मेंदूतील पेशींवर मॉर्फीन जेथे जाऊन बसते ती ग्राहकस्थाने सापडली. त्याआधीच तयार झालेले नॅलोक्सोन हे औषध त्या स्थानांवरून मॉर्फीनला हटवते आणि जवळजवळ थांबलेला श्वास काही मिनिटांत परत आणते. तोवर गेलेल्या पेशी मात्र ते परत आणू शकत नाही.

खसखशीचे पीक आज सरकारी परवान्यानेच घेता येते, आणि जुन्या ग्वाल्हेर संस्थानात मोडणारे मंदसोर आणि नीमच हे जिल्हे अजूनही त्या पिकाचे मुख्य प्रदेश आहेत. देशातल्या दोन सरकारी अफू कारखान्यांपैकी एक नीमचला आहे, दुसरा गाझीपूरला, आणि तेथून निघणारे मॉर्फीन कर्करोगाच्या रुग्णांच्या वेदना कमी करते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने बोंडाच्या सालीलाही, म्हणजे डोडाचुऱ्याला, नियंत्रणाखाली आणले, आणि राजस्थानात परवान्याने चालणारी डोड्याची दुकाने २०१६ पर्यंत बंद झाली. वर्षानुवर्षे हे पाणी पिणाऱ्यांना ते एकाएकी तोडता येत नाही. अंग दुखते, जुलाब लागतात, झोप उडते. त्यांच्यासाठी उपचारकेंद्रांत अफूवर्गातलेच पण कमी धोक्याचे ब्युप्रेनॉर्फिन हे औषध जिभेखाली ठेवायला देतात, मात्रा रुग्णाला विचारून आणि त्याचा श्वास, नाडी व शुद्ध तपासून ठरवली जाते, जेवण कधीही रोखले जात नाही, आणि पुढे ती मात्रा आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या गणिताने उतरवत नेली जाते.